ई-मेलचा ढीग आणि सहा गठ्ठे

(नोकरी-व्यवसाय सांभाळून सामाजिक कार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



कालपासून या वर्गात राष्ट्रजीवनाच्या मोठमोठ्या विषयांवर आपले चिंतन चालू आहे. भोजनापूर्वीच्या या सत्रासाठी मात्र आयोजकांनी मला अगदी घरगुती वाटावा असा विषय दिला आहे : कार्यालयातील ई-मेल आणि आपली कार्यक्षमता. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि पेशाने पत्रकार. परंतु पत्रकाराचे निम्मे आयुष्य आलेले टपाल निवडण्यात जाते आणि टेलिप्रिंटर, फॅक्स व ई-मेल या तिन्ही अवस्था मी वृत्तपत्राच्या कचेरीत पाहिल्या आहेत. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

विषय घरगुती वाटला तरी किरकोळ नाही. कसा, ते एका घटनेवरून सांगतो. डोंगराळ भागात वनवासी विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालविणारी एक संस्था आहे. नाव सांगत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, हे आपण जाणताच. अशाच एका कंपनीने या संस्थेला विंधन विहीर आणि पाण्याची टाकी यांसाठी साहाय्य देऊ केले. मेल आला. त्यात लेखापरीक्षित ताळेबंद, ८०-जी प्रमाणपत्र आणि सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक एवढेच मागितले होते; मुदत दहा दिवसांची होती. सारी कागदपत्रे कपाटात तयार होती. तरीही ती गेली नाहीत. आठवण झाली तेव्हा मुदत उलटून तीन आठवडे झाले होते आणि निधी दुसरीकडे वळला होता. त्या वर्षी मुलांनी पाणी पूर्वीप्रमाणेच खालच्या ओढ्यावरून आणले.

आता यातले मर्म पाहा. ज्या कार्यकर्त्याकडे हे काम होते तो आळशी नव्हता. उलट, दिवसातून पन्नास वेळा मेल पाहणारा, अत्यंत तत्पर असा त्याचा लौकिक होता. तो मेल त्याने आल्याच्या पाचव्या मिनिटाला, लोकलमध्ये उभ्या उभ्या, मोबाइलवर उघडला होता. ‘वा, छान झाले, घरी गेल्यावर नीट पाहू’ असे म्हणून फोन खिशात ठेवला. न उघडलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो. एकदा उघडला की त्याची अक्षरे बारीक होतात आणि वाचून झालेल्या शेकडो मेलच्या रांगेत तो मिसळून जातो. घरी गेल्यावर त्याच्या वर आणखी बावीस मेल येऊन बसले होते. म्हणजे तो मेल हरवला तो न वाचल्यामुळे नव्हे. वाचला, पण त्याचे पुढे काय करायचे ते त्या क्षणी ठरवले नाही, म्हणून हरवला. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पत्र वाचणे आणि पत्राचा निर्णय करणे या दोन क्रिया आपण वेगळ्या केल्या आणि तेथेच घोटाळा झाला.

हा घोटाळा आपल्या पूर्वजांनी होऊ दिला नव्हता. मराठेशाहीतील मोडी पत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक असेल की अशा अनेक पत्रांवर ‘पैवस्ती’ असा शब्द आणि पुढे तारीख लिहिलेली आढळते. पैवस्ती म्हणजे पत्र हाती पोचल्याची नोंद. पत्र लिहिल्याची तारीख वेगळी आणि पोचल्याची वेगळी. इतिहास संशोधकांना आज तिचा उपयोग होतो, पण ती नोंद इतिहासासाठी केलेली नव्हती. पत्र आले, कोणाच्या हाती आले आणि आता जबाबदारी कोणाची, हे ठरावे म्हणून केलेली होती. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवीत. पत्र येथे संपले, याखाली कोणी काही जोडू नये, असा तिचा अर्थ. आजच्या कार्यालयीन मेलखाली चौदा जणांच्या जुन्या उत्तरांचे जे शेपूट लोंबत असते ते पाहिले की मला त्या मुद्रेची हमखास आठवण होते.

इतके मागे जायचे नसेल तर जवळचे उदाहरण घ्या. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीची घडी नव्याने बसविली. बसण्याची जागा, फायलींची रचना, अभिलेखांचे वर्गीकरण अशा, वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींना त्यांनी हात घातला आणि ‘लखीना पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्राच्या प्रशासनात रूढ झाला. सरकारी कचेरीला नावे ठेवणे आपल्याला सोपे जाते, पण या सुधारणांच्या परंपरेतली ‘सहा गठ्ठा पद्धत’ ही व्यवस्थापनाच्या कोणत्याही परदेशी पुस्तकाशी तुलना करता येईल अशी गोष्ट आहे. कारकुनाच्या मेजावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. पहिला, ज्यावर आपण स्वतः कार्यवाही करावयाची आहे अशी प्रलंबित प्रकरणे. दुसरा, आपण लिहून मोकळे झालो पण समोरून उत्तर यायचे आहे अशी प्रतीक्षाधीन प्रकरणे. तिसरा, ठरावीक दिवशी पाठवावयाची नियतकालिक विवरणपत्रे. चौथा, वारंवार पाहावे लागणारे स्थायी आदेश. पाचवा, काम संपल्याने अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे. आणि सहावा, नष्ट करावयाचे कागद. सातवा गठ्ठा नाही. ‘नंतर बघू’ नावाचा गठ्ठा या पद्धतीत नाही, हीच तिची थोरवी.

आपल्या मेलपेटीचे दुखणे हेच आहे की हे सहाही गठ्ठे तेथे एकत्र ओतलेले असतात. साहेबांचा तातडीचा आदेश, बँकेची जाहिरात, सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे निमंत्रण, गेल्या वर्षीचे परिपत्रक, ज्याचे उत्तर आपण कधीच दिले आहे असे पत्र आणि ज्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे असे पत्र, सर्व एका रांगेत, आल्या क्रमाने. मग आपण काय करतो? रोज सकाळी पेटी उघडतो आणि तीच पत्रे पुन्हा चाळतो. थोडा हिशेब करू. समजा, दिवसाला साठ पत्रे येतात आणि प्रत्येक पत्र आपण आवश्यकतेपेक्षा एकदाच अधिक उघडतो, अर्धा मिनिट पाहतो आणि बंद करतो. ही रोजची तीस मिनिटे झाली. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले तर १२५ तास. आठ तासांचा दिवस मानला तर पंधरा दिवसांहून अधिक! येथे बसलेल्यांपैकी अनेक जण ‘रजा मिळत नाही’ म्हणून वर्गाला येऊ शकत नव्हते, असे मी ऐकले. पंधरा दिवसांचा एक वर्ग दरवर्षी मेलपेटीत पडलेला आहे.

म्हणून माझी सूचना अशी की मेलमध्ये सहा कप्पे करावेत आणि त्यांना हीच मराठी नावे द्यावीत. जीमेलमध्ये लेबल म्हणतात, आऊटलुकमध्ये फोल्डर. नावे देवनागरीत लिहिता येतात. पत्र उघडले की ते बंद करण्यापूर्वी त्याच्यावर शेरा पडलाच पाहिजे. दोन मिनिटांत उत्तर देता येण्यासारखे असेल तर तिथल्या तिथे देऊन मोकळे व्हावे. डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकाने २००१ साली आपल्या पुस्तकात हा दोन मिनिटांचा नियम सांगितला आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. आपल्याकडचा कोणताही जुना हेडक्लार्क तो न वाचता पाळत होता. अधिक वेळ लागणार असेल तर पत्र पहिल्या गठ्ठ्यात आणि सोबत दिनदर्शिकेत त्या कामाचा दिवस. हा दिवस लिहिण्याचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच लोक गाळतात. त्या वसतिगृहाच्या मेलवर ‘शनिवार, सकाळी दहा, ताळेबंद पाठवणे’ एवढे लिहिले गेले असते तर विहीर झाली असती.

सर्वांत उपेक्षित गठ्ठा दुसरा. आपण पत्र पाठविले की काम झाले असे आपल्याला मनापासून वाटते. संघटनेच्या कामात तर हे फारच दिसते. ‘मी त्यांना कळवले होते’ हे वाक्य बैठकीत किती वेळा ऐकू येते! कळवणे म्हणजे काम होणे नव्हे. शासकीय कार्यालयात प्रतीक्षाधीन प्रकरणांची वेगळी नोंद असते, ठरलेल्या तारखेला स्मरणपत्र जाते, त्याला कोणी उद्धटपणा समजत नाही. आपणही ज्या मेलचे उत्तर हवे आहे त्याची एक प्रत प्रतीक्षाधीन कप्प्यात टाकावी आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी म्हणा, तो कप्पा वरपासून खालपर्यंत पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे. नियतकालिकांचे म्हणाल तर त्यांना मेलची वाटच पाहू नये. मासिक वृत्त, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, विम्याचा हप्ता यांच्या तारखा आपल्याला आधीच ठाऊक असतात.

पाचव्या-सहाव्या गठ्ठ्यांबद्दल फार सांगत नाही. एवढेच की, शासकीय अभिलेखांत ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपतात आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभरात नष्ट करतात. आपण मात्र ‘ड’ वर्गाचे सारे कागद जन्मभर जपतो, कारण जागा फुकट मिळते. २००४ साली जीमेल आले तेव्हा पत्र पुसण्याची गरजच नाही, अशी त्याची ख्याती झाली. सोय झाली खरी. पण कचरा साठवायला जागा मिळाली म्हणून कोणी घरात कचरा साठवत नाही.

आता वेळेविषयी. पत्रावर शेरा मारायचा तर डोके शांत हवे, आणि पत्रे दिवसभर थेंब थेंब टपकत असतील तर ते शांत राहत नाही. पोस्टमन आपल्या घरी दिवसातून एकदा, फार तर दोनदा येई. तो पन्नास वेळा आला असता तर आपण दार उघडणे बंद केले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्विन येथील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार्यालयातील तेरा कर्मचाऱ्यांचा मेल पाच दिवस पूर्ण बंद केला आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवली. मेल बंद असताना त्यांचा ताण घटला आणि एका कामावर ते अधिक वेळ टिकून राहिले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कुश्लेव्ह आणि डन या संशोधकांनी २०१५ साली १२४ जणांवर केलेला प्रयोग आपल्याला अधिक उपयोगी आहे, कारण मेल पूर्ण बंद करणे आपल्या हाती नसते. त्यात एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच पाहायचा आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा, असे ठरवून दिले होते. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. विज्ञानाने सांगितले म्हणून सांगतो असे नाही. त्रिकाळ संध्येची परंपरा असलेल्या समाजाला दिवसाचे तीन बिंदू निश्चित करणे अवघड वाटू नये. सकाळी कामाची पहिली घडी बसल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि निघण्यापूर्वी अर्धा तास. मधल्या काळात मेलची घंटी बंद. नोटिफिकेशन बंद करण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. ती कुठे आहे हे सापडत नसेल तर घरातल्या आठवीतल्या मुलाला विचारा.

त्या मधल्या काळातच खरे काम होते. लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या कारागृहात गीतारहस्य लिहून काढले. हाती पेन्सिल होती आणि संदर्भासाठी मर्यादित ग्रंथ. त्या एकांताची किंमत त्यांनी काय दिली हे आपण जाणतो. आपल्याला कारागृह नको, रोजचे दीड-दोन तास अखंड मिळाले तरी पुरेत, आणि ते कोणी हिरावून घेतलेले नाहीत. आपणच ते मिनिटामिनिटाने वाटून टाकतो.

इतका वेळ आलेल्या पत्रांविषयी बोललो. पण दुसऱ्याच्या पेटीतला ढीग आपणच वाढवीत असतो, हेही पाहिले पाहिजे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात इथपर्यंत तो विचार जातो. मोक्षाची वाट दाखविणाऱ्या ग्रंथात हा समास का, असा प्रश्न मला तरुणपणी पडे. वाचणाऱ्याचे कष्ट कमी करणे हाही परमार्थच, असे आता वाटते. पूजनीय श्रीगुरुजींचा पत्रव्यवहार आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. प्रवास अखंड, प्रकृतीची पर्वा नाही, तरीही आलेल्या पत्राला उत्तर गेले पाहिजे हा त्यांचा परिपाठ होता. १२ खंडांच्या ‘श्रीगुरुजी समग्र’मध्ये पत्रांना मोठी जागा द्यावी लागली ती त्यामुळेच. २ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी लिहून ठेवलेली आणि ५ जूनला त्यांच्या देहावसानानंतर उघडली गेलेली तीन पत्रे आठवा. एकात सरसंघचालकपदाची जबाबदारी बाळासाहेब देवरसांकडे सोपविली. दुसऱ्यात आपले स्मारक उभारू नये असे सांगितले. तिसऱ्यात सर्वांची क्षमा मागितली. त्यांतला भाव फार मोठा आहे, त्यावर येथे बोलत नाही. त्यांची केवळ मांडणी पाहा. तीन विषय होते, म्हणून तीन पत्रे होती. एकाच कागदावर ते तिन्ही विषय सहज मावले असते. आपण मात्र एकाच मेलमध्ये बैठकीची वेळ, हिशेबाची शंका आणि सतरंज्यांचा प्रश्न लिहितो. वाचणारा पहिल्याचे उत्तर देतो आणि उरलेले दोन विषय बुडतात.

तेव्हा एका मेलमध्ये एक विषय. विषयाच्या रकान्यात ‘महत्त्वाचे’ किंवा ‘नमस्कार’ लिहू नये. ‘रविवारच्या शिबिराचा खर्च : मंगळवारपर्यंत मंजुरी हवी’ असे लिहावे, म्हणजे उघडण्याआधीच काम कळते. कोणी, काय आणि केव्हापर्यंत करायचे हे पहिल्या दोन ओळींत यावे. प्रत सर्वांना पाठविणे म्हणजे जबाबदारी सर्वांना देणे, आणि सर्वांची जबाबदारी कोणाचीच नसते हा आपला अनुभव आहे. ‘रिप्लाय ऑल’ दाबण्यापूर्वी तीस जणांच्या पेट्या डोळ्यांसमोर आणाव्यात. आणि मतभेदाचा विषय असेल तर मेल लिहूच नये. फोन करावा, त्याहून बरे म्हणजे घरी जावे. भेटीत जे दोन घोट चहात मिटते ते मेलवर महिनाभर चिघळते. कारण कागदावरच्या वाक्याला चेहरा नसतो. माझ्या व्यवसायात तर छापील वाक्याने तुटलेली माणसे मी बरीच पाहिली आहेत.

बोलणे आवरते घेतो, कारण काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत. बँकेत नोकरी करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे, “साहेब रात्री अकरा वाजता मेल टाकतात. स्वयंपाकघर आवरताना तो दिसतो आणि झोप उडते. काय करावे?” प्रश्न घराघरातला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहताही एक गोष्ट करता येते. ताई, आपण साहेबांना एकदा प्रत्यक्ष भेटून, आदराने आणि स्पष्टपणे विचारावे : “साहेब, रात्रीचा मेल सकाळी साडेनऊला पाहिला तर चालेल ना? तातडीचे असेल तर फोन करा, मी उचलीन.” माझा अनुभव असा की दहांपैकी आठ साहेब ‘अर्थातच’ म्हणतात. ते रात्री मेल टाकतात ते विसरू नये म्हणून. उत्तर त्यांनाही रात्री नको असते. आणि येथे जे स्वतः साहेब आहेत त्यांच्यासाठी : लिहिलेला मेल सकाळी नऊला आपोआप जावा अशी सोय आता सर्वत्र आहे. रात्री लिहा, सकाळी पाठवा.

दुसरी चिठ्ठी अशी : “माझ्या पेटीत नऊ हजार न उघडलेले मेल आहेत. सुरुवात कोठून करू?” नऊ हजारांपासून करू नका. ‘जुने’ नावाचा एक कप्पा करून एक महिन्यापूर्वीचे सारे त्यात एकदम सरकवा. काही पुसले जात नाही, शोधले तर सापडते. उरलेल्या एका महिन्याच्या पत्रांवर मात्र या रविवारी दोन तास बसा, शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि प्रत्येकावर सहांपैकी एक शेरा मारा. त्या जुन्या ढिगात कोणाचे खरोखर अडले असेल तर तो माणूस पुन्हा लिहील. तेव्हा त्याला उत्तर द्यायचे, तेही त्याच दिवशी.

तिसरा प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे. तो वेगळ्या सत्राचा विषय आहे आणि अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले. भोजनाची वेळ झाली आहे.